बिनगाण्याची तबकडी

माझ्या तबकडीवर गाणं नसतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर भांडण नको. लोक मांडवात माझ्या टेबलापाशी येतात, दोन काळ्या तबकड्या फिरताना पाहतात आणि खूश होतात. "वा! तवे! आमच्या आबाकडे होते." मग एखादा म्हातारा चष्मा सावरत वाकतो आणि मधल्या गोल कागदावर गाण्याचं नाव शोधतो. तिथं काहीच लिहिलेलं नसतं. दारव्ह्याकडच्या एका लग्नात एका आजोबांनी तर सुईलाच कान लावला आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "अबे, याच्यात गाणं नाई. याच्यात डास गुणगुणून राह्यला!"

आजोबांचं निदान अचूक होतं. त्या तबकडीत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच किर्र आवाज भरलेला असतो. सुई तो उचलते, वायरीतून एका छोट्या डब्याला देते आणि डबा कॉम्प्युटरला देतो. त्या किरकिरीवरून कॉम्प्युटर ओळखतो की तबकडी किती वेगाने आणि कोणत्या दिशेने फिरते आहे. गाणं कॉम्प्युटरात, लगाम माझ्या बोटात. मी तबकडी धरली की गाणं थांबतं, ढकलली की धावतं, मागे ओढली की उलटं बोलतं. गाण्याच्या जागी लग्नाचा व्हिडिओ टाकला तर पडद्यावरचा नवरदेवसुद्धा माझ्या बोटाने चालतो. त्याच्या बायकोच्या हाती तो नंतर जातो.

दिशा कशी कळते, हेही सांगतो, कारण पुढे त्यावरच माझी फजिती झाली. तबकडीच्या खाचेला दोन अंगं असतात, डावं आणि उजवं. किरकिर दोन्हींत तीच, पण एक अंग दुसऱ्यापेक्षा केसभर पुढे. कोणतं अंग पुढे आहे हे पाहून कॉम्प्युटर ठरवतो की तबकडी सरळ चालली की उलटी. डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल झाली तर सरळ फिरणारी तबकडी त्याला उलटी वाटते. बिचारा प्रामाणिक असतो, सांगाल ते ऐकतो.

माझे वडील गावोगाव कर्णे लावायचे. लग्न असो, सप्ता असो की बैलांचा शंकरपट, सायकलला कर्णा बांधून निघायचे. त्यांचा रेकॉर्ड प्लेअर, त्यांच्या तबकड्या आणि त्यांचा खोकला हे तिन्ही मी वारशात घेतलं. पुढे कॅसेट आली, सीडी आली आणि शेवटी पेन ड्राइव्ह आला. पेन ड्राइव्ह आला तसा माणूस रिकामा झाला. बटण दाबायचं आणि पंगतीत जाऊन बसायचं. मला ते जमेना. वडील म्हणायचे, गाणं हाताखाली पाहिजे. म्हणून आदिलाबादच्या एका जुन्या सामानवाल्याकडून दोन जड प्लेअर उचलून आणले, डबा मागवला आणि लोहाऱ्याच्या माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर खटपट करत बसलो. शेजारच्या कारखान्यातले कामगार जेवणाच्या सुट्टीत दाराशी उभे राहून बघायचे. बायकोने एकदाच विचारलं, "लॅपटॉपात गाणं आहे ना? मंग त्याले तव्यावर कायले भाजून राह्यले?" या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही पटेल असं उत्तर नाही.

या धंद्याचा पहिला वैरी म्हणजे ऊन. आमच्या जिल्ह्यात लग्नसराई आणि उन्हाळा हातात हात घालून येतात. एकदा आर्णीच्या बाजूला टेम्पोत राहिलेली तबकडी उन्हाने वाकली. लावली तर खालीवर डोलत फिरायला लागली आणि तिच्याबरोबर गाणंही डोलायला लागलं. नवरीकडची एक मावशी हळवी होऊन म्हणाली, "गाणं रडून राह्यलं बाई, पोरगी जाऊन राह्यली म्हून." मी तबकडी तशीच फिरू दिली. चांगला अर्थ निघत असेल तर कारागिराने मध्ये तोंड घालू नये. तेव्हापासून तबकड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून नेतो.

दुसरा वैरी, आणि हाच मोठा, म्हणजे हलणारं टेबल. सुई केसाएवढी. नाचणाऱ्यांनी पाय आपटले की ती उडी मारते आणि तिच्यामागे गाणंही. म्हणून मी कडप्प्याची फरशी सायकलच्या फुगवलेल्या ट्यूबवर ठेवतो आणि तिच्यावर प्लेअर. तरीही मंगल कार्यालयाचं टेबल ते मंगल कार्यालयाचं टेबल. चार पायांतला एक नेहमी रुसलेला. त्या पायाखाली घालायला घडी केलेला कागद लागतो. हे वडिलांच्या काळापासून आहे. आमचा हात टेबलाशी गेला की आधी ते हलवून बघतो आणि दुसरा हात आपोआप खिशात कागद शोधतो. पत्रिका, बिडीचं पाकीट, विजेचं बिल, जे सापडेल ते. ही सवय इतकी मुरलेली आहे की कागदावर काय लिहिलंय हे बघायचंही भान राहत नाही.

मधल्या काळात कौतुकही पुष्कळ झालं, तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता रडगाणं गातो. एका वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीला शाळेत खिचडी शिजवणाऱ्या एक ताई गाणार होत्या. गाण्याचं संगीत मोबाइलवर तयार होतं, पण त्याचा वेग शहरी पोरांचा. ताईंचा श्वास पुरेना. दोन कडवी झाली आणि त्या थांबल्या, डोळे भरले. मी म्हटलं, "ताई, तुम्ही गा, संगीत तुमच्या मागे येईल." आणि तबकडीच्या कडेला बोट टेकवून त्यांच्या श्वासाबरोबर वेग कमी-जास्त करत राहिलो. सूर तोच राहील याची सोय कॉम्प्युटर करतो. ताई अशा गायल्या की लोकांनी दोनदा पुन्हा म्हणायला लावलं. नंतर मला म्हणाल्या, "पेटीवाले आमचे दादा असेच थांबत, माह्यासाठी." त्या दिवशी बायकोच्या प्रश्नाला अर्धं उत्तर मिळालं होतं.

आता मुख्य गोष्ट. ही गेल्या उन्हाळ्यातली, मारेगावची.

रश्मी नावाची मुलगी पुण्याला नोकरी करते. तिचं लग्न मारेगावच्या कार्यालयात होतं आणि दोन दिवस आधी दुपारी तिथंच संगीताचा कार्यक्रम. फोनवर म्हणाली, "काका, आईबाबांच्या लग्नाची जुनी कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आहे. ती तुमच्या तबकडीवर फिरवून मोठ्या पडद्यावर दाखवायची. बाबांना नाचवायचं." मी होकार दिला. मग तिने गावाचं आणि आजोबांचं नाव सांगितलं, तेव्हा आठवलं. तीस वर्षांपूर्वी मारेगावच्या शिवारातल्या त्याच लग्नाला मीच कर्णे लावले होते. आईच्या लग्नाला मी, लेकीच्या लग्नालाही मी! गाडी चालवताना मी स्वतःशीच मिशीत हसत होतो.

रश्मीची आई सुनंदाताई दारातच भेटल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बोलायला मोकळ्या. फक्त एकदा चेहरा पडला. मी सहज विचारलं की परवा नवरीला बोहल्यावर कोण आणणार, माइकवर नाव पुकारावं लागेल. आमच्याकडे नवरीला मामा आणतो. माइकवाला पुकारतो आणि मामा भाचीचा हात धरून मांडवातून चालत येतो. मामाच्या आयुष्यातला तो सगळ्यांत मोठा मान. पुकारल्याशिवाय शहाणा माणूस पुढे होत नाही.

"माह्या पोरीले मामा नाई, भाऊ," ताई म्हणाल्या. "मी एकटीच. अन् माहा मामा होता, त्यानं मले सोडलं."

मग रश्मीने बाजूला घेऊन सांगितलं. आई लहान असताना तिची आई वारली. मामाने तिला झरी जामणीकडच्या जंगलातल्या आपल्या गावी नेऊन वाढवलं, दहावीपर्यंत शिकवलं. किसनमामा त्यांचं नाव, जंगल खात्यात मजुरी करायचे. पण लग्नाच्या दिवशी ते आईला आणायला पुढे आलेच नाहीत. दुसऱ्याच एका लांबच्या मामाने तिला बोहल्यावर नेलं. किसनमामा न जेवता निघून गेले ते गेलेच. आई म्हणते, ऐन वेळी हात सोडला. ते काय म्हणतात, कोणालाच ठाऊक नाही. रुसव्यात आपल्याकडे कोणी सरळ विचारत नाही. निरोप तिसऱ्याच्या तोंडून जातो आणि तिसरा त्यात चिमूटभर मीठ घालतो.

मी चुकचुकलो आणि वायरी जोडायला लागलो. आदल्या दिवशी एक वायर तुटली होती, ती शेडमध्ये बसून डाग देऊन नवी केली होती. चष्मा सापडत नव्हता, अंदाजाने केली. टेबल हलवून पाहिलं. हललं. कार्यालयाच्या जेवणावळीच्या यादीची घडी केली आणि डाव्या पायाखाली घातली.

कार्यक्रम रंगला. हॉल गच्च भरलेला. रश्मीने पंगतीपासून सुरुवात करायला सांगितलं होतं, कारण तिथं तिचे बाबा पहिला घास भरवताना चळाचळा कापतात. मी व्हिडिओ बरोबर त्या जागी आणून ठेवला, सुई टेकवली आणि बोट उचललं.

पडद्यावर बाबांनी सुनंदाताईंच्या तोंडातला घास बाहेर काढला आणि ताटात ठेवला.

डाव्या-उजव्या वायरींची मी अदलाबदल केली होती, हे मला त्याच क्षणी कळलं. कॉम्प्युटरवर एक बटण दाबून ते सरळ करता आलं असतं. पण हॉलमध्ये जो हशा उसळला त्यात बटण दाबायला माझा हातच होईना. पाहुणे उलटे चालत येत होते, भरलेली पत्रावळ कोरी होत होती, वाढपी बुंदी टोपलीत परत घेत होता. बाबा ओरडले, "अरे वा, जेवण वापस! खर्च वाचला!" रश्मी खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. सुनंदाताई पदर तोंडावर धरून हसत होत्या. चालू दे म्हटलं. माणसं हसत असताना दुरुस्ती करणारा कारागीर मूर्ख.

सरळ चालणाऱ्या लग्नाच्या व्हिडिओत सगळे फक्त नवरा-नवरी बघतात. उलटं चालायला लागलं की नजर कुठेही भटकते, कारण गंमत कुठून निघेल सांगता येत नाही. त्यात त्या वेळच्या कॅमेरावाल्याने कॅमेरा माझ्या टेबलाच्या मागेच रोवला होता, कारण वीज माझ्याच बोर्डातून घ्यायची होती. त्यामुळे पडद्यावर एका कोपऱ्यात माझं टेबल, मधे मांडव आणि पलीकडे मांडवाचं दार आणि रस्ता, एवढं सगळं दिसत होतं.

रस्त्यावरून एक माणूस उलटा चालत मांडवाकडे आला. पांढरी टोपी, नवं धोतर, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. उलटा उलटा येत दारात पोचला, वळला आणि उभा राहिला.

"थांबवा, भाऊ," सुनंदाताई म्हणाल्या. हसू गेलं होतं. "थांबवा."

मी तबकडीवर बोट ठेवलं. चित्र जागच्या जागी उभं राहिलं.

"तो माहा मामा हाय."

ताई उठून पडद्याजवळ गेल्या. "पुन्हा आणा त्याले," म्हणाल्या. मी तबकडी मागे ओढली तर मामा रस्त्याने निघून गेले. पुढे ढकलली तर परत आले. तीस वर्षं गेलेला माणूस माझ्या एका बोटाने तीनदा परत आला आणि तिन्ही वेळा ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अजून मागं न्या. तो तेथी उभा कायले हाय, मले पाह्यचं हाय."

मी सोडलं. अक्षता लोकांच्या हातांत परत गेल्या. नवरी बोहल्यावरून उलटी खाली उतरली, बाजूला सफारीतले लांबचे मामा. आणि दारात टोपीवाले मामा होते तिथंच. मांडवाकडे तोंड, मान उंच केलेली, कोणीतरी हाक मारेल म्हणून कान देऊन उभा असलेला माणूस जसा दिसतो तसे. हाकेशिवाय ते पुढे येणारच नव्हते. ते वाट पाहत होते.

तेवढ्यात माझं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. टेबलापाशी काळ्याभोर केसांचा, मोठ्या कॉलरचा एक सडपातळ मी उभा होतो. तो वाकला, टेबलाच्या पायाखालून कागदाची घडी काढली आणि उघडायला लागला. पुढे काय येणार ते मला कळलं. सुई उचलायला अर्धा सेकंद लागतो. खोटं बोलत नाही, माझा हात सुईकडे गेलाही.

"काका," रश्मी ओरडली, "हे तुम्ही ना?"

हात तिथंच राहिला. पडद्यावर कागद उघडला, माझ्या हातातून सुनंदाताईंच्या वडिलांच्या हातात गेला आणि तिथून त्यांच्या खिशात. हॉलमध्ये कुणाला काही उमगलं नव्हतं. मला मात्र आता सगळं आठवत होतं. ताईंच्या वडिलांनी चिठ्ठी देत म्हटलं होतं, "नाव घेऊन पुकारजा. मामा लय आहेत, गडबड होईल." त्याच वेळी शहनाईची तबकडी उडी मारत होती. टेबल हलत होतं. माझ्या हातात कागद होता.

मी मुहूर्ताला नुसतं म्हटलं होतं, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं." जो जवळ होता तो पुढे झाला, आणि व्याह्यांत गुंतलेल्या वडिलांना वाटलं असणार, किसनमामा स्वतःच मागे राहिले.

मी माइक घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं पुकारली, स्वतःबद्दल बोलायची वेळ पहिलीच. जमेल तसं सांगितलं. चिठ्ठी काय होती, मी तिचं काय केलं आणि दारातला माणूस कशासाठी उभा होता. सांगून झाल्यावर माइक खाली ठेवला. मला वाटलं, आता प्लेअर बाहेर फेकतात की मला.

सुनंदाताई सावकाश चालत टेबलापर्यंत आल्या. वाकून टेबलाच्या पायाकडे पाहिलं. तिथं जेवणावळीची यादी होतीच.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "माहा मामा तुमी टेबलाखाली घातला?"

आणि हसायला लागल्या. हसता हसता रडल्या आणि रडता रडता पुन्हा हसल्या. "मी म्हणे, त्यानं मले सोडलं. तो तं दारात उभा!"

त्यांना लगेच मामांकडे निघायचं होतं. पण घरात हळद, दाराशी पाहुणे. मी म्हटलं, "ताई, चूक माझी आहे, आधी मी जातो." त्यांनी कुंकू लावलेल्या अक्षता पुडीत बांधून माझ्याकडे दिल्या. आणि बजावलं, "ही पुडी तरी खिशातच ठेवजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो काढला. झरी जामणीकडे जाताना सागाचं रान लागतं आणि फोनची रेंज सुटते. गावात विचारत विचारत गेलो. मामा अंगणात बाज विणत बसले होते. ऐंशीच्या घरातले, टोपी तीच पांढरी. मी समोर बसलो, पुडी ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. दोरी या बाजूने त्या बाजूला जात राहिली. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं,

"कोणत्या पायाखाली टाकलती?"

"डाव्या. मागच्या."

"मंग हललं का टेबल?"

"नाही, मामा. नंतर नाही हललं."

"चांगलं झालं," ते म्हणाले. "कोणाच्या तरी कामी आलो."

त्यांच्या तोंडावर हसू होतं की नाही, मला कळलं नाही. मी म्हटलं, "मामा, चला. उद्या पोरीचं लग्न आहे, तिला मामा नाही. आईच्या मामाचा मान आहे." त्यांनी पुडी उचलली, कपाळाला लावली आणि खिशात ठेवली. पण येतो म्हणाले नाहीत. "त्या टायमाले मले वाटलं, जंगलातला मजूर हाय, शहरातल्या व्याह्यांसमोर याचं नाव कायले घ्याव, असं तिच्या बापाले वाटलं असंल. म्या म्हटलं, जाऊ दे, पोरीचं चांगलं होऊ दे." मग दोरी ओढून गाठ मारली. "पाहू. तुमी जा."

परत येताना टेम्पोत मी रेडिओसुद्धा लावला नाही.

लग्नाच्या दिवशी मी चार तास आधी पोचलो. वायरी तपासल्या, या वेळी चष्मा लावून. टेबल हललं तर बायकोने घरून दिलेली लाकडाची पाचर घातली. लोहाऱ्याच्या सुताराकडून तिने ती मुद्दाम करून आणली होती आणि देताना म्हणाली होती, "आता कोणाचा काका-मामा नोका घालू." सुनंदाताईंनी मला चिठ्ठी दिली. नाव मला पाठ होतं, तरीही घेतली आणि वरच्या खिशात, पेनाच्या शेजारी ठेवली.

मुहूर्त जवळ आला. दारात गर्दी, उन्हामुळे बाहेरचं काही दिसेना. सुनंदाताई दर मिनिटाला माझ्याकडे बघत होत्या आणि मी दाराकडे. पांढऱ्या टोप्या पुष्कळ होत्या, पण हवी ती कोणती, हे उजेडात कळत नव्हतं. गुरुजींनी खूण केली. रश्मी हातात हार धरून आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली. सफारीतले लांबचे मामा आता म्हातारे झाले होते, तरी तेही कपडे सावरत पुढे सरकताना मला दिसले.

मी दोन्ही तबकड्यांवर हात ठेवून त्या थांबवल्या. शहनाई बंद झाली. चिठ्ठी काढली, उघडली आणि माइक तोंडाजवळ धरला.

"नवरीच्या आईचे मामा, किसनराव, झरी जामणीकडचे. मांडवाच्या दारात उभे असतील तर पुढे यावं. नवरी थांबली आहे. किसनमामांशिवाय मुहूर्त लागणार नाही."

शेवटचं वाक्य चिठ्ठीत नव्हतं. गुरुजींनी माझ्याकडे डोळे वटारले. मी दुर्लक्ष केलं.

कोणी आलं नाही. मी पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा माझा आवाज फाटला, इतका की कर्ण्यांच्या काळातसुद्धा कधी फाटला नव्हता.

दारातली गर्दी हलली. नवं धोतर, पांढरी टोपी, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी, आहेराचं लुगडंच असणार. हळूहळू चालत किसनमामा आत आले. सुनंदाताई धावल्या, पण ते त्यांच्या डोक्यावर हात ठेवून पुढे निघाले, नवरीकडे नाही, माझ्या टेबलाकडे. अख्खा मांडव पाहत होता. ते टेबलापाशी थांबले आणि वाकून आधी टेबलाच्या पायाखाली पाहिलं. पाचर पाहून मान हलवली.

"बावा," म्हणाले, "मी पहिल्याच हाकेले आलतो. दारातच होतो."

"मग पुढे का नाही आलात, मामा?"

त्यांनी कानाला हात लावला. म्हातारा माणूस, कान जड असतील, असं मला वाटलं. पण डोळे लबाड होते.

"तीस वर्षं झाले ना ऐकून," ते म्हणाले. "लय गोड वाटून राह्यलं. अजून एकडाव म्हण."

मी पुन्हा म्हटलं.